सापडलेले पुन्हा सापडावे म्हणून

एम.लिब.च्या एका विद्यार्थिनीने लघुप्रबंधासाठी 'महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांची सुरुवात' हा विषय घेतला आहे, असे समजू. ती संगणकासमोर बसते आणि शोधचौकटीत 'सार्वजनिक ग्रंथालय' हे दोन शब्द टाकते. शब्द बरोबरच आहेत. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाच्या नावात तेच आहेत आणि तिच्या अभ्यासक्रमातही तेच आहेत. पण ज्या संस्थांचा तिला अभ्यास करायचा आहे, त्यांची नावे निराळी आहेत. पुण्यात १८४८ साली सुरू झाली ती 'नेटिव्ह जनरल लायब्ररी', आजचे पुणे नगर वाचन मंदिर. नाशिकची १८४० सालची संस्था 'सार्वजनिक वाचनालय', कोल्हापूरची १८५० सालची 'करवीर नगर वाचन मंदिर', रत्नागिरीचे 'नगर वाचनालय', तर ठाण्याचे १८९३ मधले आणि मुंबईचे १८९८ मधले 'मराठी ग्रंथसंग्रहालय'. लायब्ररी, वाचनालय, वाचन मंदिर, ग्रंथसंग्रहालय अशी एकाच जातीच्या संस्थेची ही चार नावे, आणि तिने टाकलेला 'ग्रंथालय' हा शब्द त्यांत कुठेच नाही. शोधचौकटीने तिला जे दिले ते खोटे नसेल, पण तिच्या विषयाचा गाभा त्यात येईलच असे नाही. शिवाय काय राहून गेले हे ती चौकट कधीच सांगत नाही. पडद्यावर शंभर निकाल दिसले की शोध पुरा झाल्यासारखा वाटतो.

ग्रंथालय व माहितीशास्त्राचे विद्यार्थी 'संदर्भच मिळत नाहीत' अशी तक्रार नेहमी करतात. या एका वाक्यात दोन वेगळ्या अडचणी आहेत. कधी साधन आहे हे ठाऊक असते, पण किमतीमुळे, परवानगीमुळे किंवा अंतरामुळे ते हाती येत नाही. कधी मुळात असे काही साधन आहे याचाच पत्ता नसतो. पहिली अडचण गेल्या पंधरा-वीस वर्षांत पुष्कळ हलकी झाली आहे. दुसरी, विशेषतः मराठी साधनांच्या बाबतीत, बरीचशी आहे तिथेच आहे. ती सोडवण्याचे रीतसर शिक्षण मात्र याच विद्यार्थ्यांना मिळते. वर्गीकरण, तालिकीकरण, विषयशीर्षके, सूचिकार्य हे त्यांचे परीक्षेचे पेपरच असतात. इतिहासाच्या किंवा रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला साधनांचा शोध ही खऱ्या कामाआधीची हमाली वाटली, तर ते समजण्यासारखे आहे. ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तो शोध हेच खरे काम असते. म्हणून त्याने शोधाची सुरुवात सूचीपासून करावी आणि काम संपताना एक नवी सूची मागे ठेवावी, असे माझे म्हणणे आहे. आपल्या भाषेतील साधने सापडत नाहीत याचे मोठे कारण त्यांची नोंद झालेली नाही हे आहे, आणि ही नोंद करायला दुसरे कोणी येणार नाही.

सुरुवात सूचीपासून का करायची, याला जुना आणि भक्कम पुरावा आहे. लंडनच्या सायन्स म्युझियमच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या सॅम्युएल ब्रॅडफर्ड यांनी १९३४ साली उपयोजित भूभौतिकी या विषयावरील लेखांची मोजदाद मांडली. एकूण १,३३२ लेख ३२६ नियतकालिकांत विखुरलेले होते. त्यांतल्या पहिल्या ९ नियतकालिकांत ४२९ लेख होते, पुढच्या ५९ मध्ये ४९९ आणि उरलेल्या २५८ मध्ये ४०४. याचा अर्थ असा की विषयातली नऊ नामांकित नियतकालिके जो नेमाने वाचतो, त्याच्या हाती सुमारे एक तृतीयांश साहित्य येते आणि आपण सगळे वाचले असा समज मात्र पूर्ण होतो. शेवटचा तृतीयांश तर इतका विखुरलेला, की एकेका नियतकालिकात जेमतेम एखाद-दुसरा लेख. नियतकालिके चाळून तो कोणालाच सापडणार नाही. तो सापडतो तो निर्देशसूचीतून आणि सारसंग्रहातून. ग्रंथालयशास्त्राचे विद्यार्थी ब्रॅडफर्डचा नियम सूत्रासकट पाठ करतात, परीक्षेत आलेख काढतात, आणि स्वतःच्या प्रबंधाची वेळ आली की पहिल्या पानावरच्या दहा निकालांवर थांबतात. नियम कळला असेल तर 'लिस्टा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आपल्या विषयाच्या सारसंग्रहाकडे पाय वळायला हवेत. एब्स्को ही कंपनी तो सर्वांना विनामूल्य वापरू देते. भारतीय साहित्यासाठी 'इयास्लिक' या संस्थेने १९६७ पासून काढलेला 'इंडियन लायब्ररी सायन्स ॲब्स्ट्रॅक्ट्स' आहे. त्याचे जुने अंक विभागाच्या कपाटात असतील तर तेही उघडायला हवेत.

लेखांच्या बाबतीत ग्रंथालयशास्त्राचे विद्यार्थी इतर अनेक विषयांच्या विद्यार्थ्यांपेक्षा सुदैवी आहेत, कारण त्यांच्या विषयातले पुष्कळ साहित्य खुले आहे. संरक्षण संशोधन संस्थेच्या 'डेसिडॉक'चे नियतकालिक खुले आहे. 'ई-लिस' हे या विषयाचे आंतरराष्ट्रीय खुले भांडार २००३ पासून चालू आहे. इग्नूची पाठ्यपुस्तके 'ई-ज्ञानकोश'वर आहेत. 'ॲनल्स ऑफ लायब्ररी अँड इन्फर्मेशन स्टडीज' हे १९५४ साली डॉ. रंगनाथन यांच्या संपादनाखाली सुरू झालेले नियतकालिकही घरबसल्या वाचता येते. पण येथेही नावांचा प्रश्न आडवा येतो. या नियतकालिकाचे नाव दोनदा बदलले. ते काढणारी संस्था १९५२ मध्ये 'इन्सडॉक' म्हणून जन्मली, २००२ मध्ये 'निस्केअर' झाली आणि २०२१ मध्ये 'निस्पर' झाली. जुन्या प्रबंधातल्या संदर्भसूचीत यांपैकी कोणतेही नाव असू शकते. नामांतराची ही साखळी माहीत नसलेला विद्यार्थी 'हे नियतकालिक बंद पडले' असा शेरा मारून पुढे जातो. संस्थांची आणि नियतकालिकांची बदललेली नावे एकमेकांशी जोडून ठेवणे हा तालिकीकरणाचा पहिल्या वर्षाचा धडा आहे, आणि तो इथे रोजच्या उपयोगाला येतो.

प्रबंधांसाठी 'शोधगंगा' आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमांत पीएच.डी. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे आवश्यक केले आणि गांधीनगरच्या 'इन्फ्लिबनेट'ने ते भांडार उभे केले. आज त्यात पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत. या भांडाराचा सर्वांत मोठा उपयोग प्रबंधाच्या शेवटच्या पानांवर, संदर्भसूचीत आहे. आपल्या विषयाजवळचे तीन चांगले प्रबंध निवडून त्यांच्या सूच्या शेजारी ठेवल्या, की तिन्हींत येणारी नावे म्हणजे विषयाचा पाया, आणि एकाच सूचीत येणारी नावे म्हणजे बहुधा आडवाटेची मौल्यवान साधने. पण मराठी प्रबंधांच्या बाबतीत एक तांत्रिक अडथळा जाणून घ्यायला हवा. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी मराठी मजकूर श्री-लिपीसारख्या फाँटमध्ये टंकलिखित होत असे. त्या फाँटमध्ये पडद्यावर दिसतो 'ग्रंथालय', पण संगणकाच्या पोटात साठलेली असतात रोमन अक्षरे आणि चिन्हे. माणसाला ते पान स्वच्छ वाचता येते, शोधयंत्राला त्यातला एकही मराठी शब्द कळत नाही. नुसत्या छायाप्रतींचीही तीच गत. त्याहून जुन्या छापील मजकुरात शुद्धलेखन आडवे येते. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ मध्ये आले आणि अनेक अनुस्वार गळाले. त्याआधीचा छापखाना 'पुस्तकें', 'वाचनालयें', 'कांहीं' असेच छापत होता. त्या काळात शोध घ्यायचा तर त्या काळाचे शुद्धलेखन वापरून बघायला हवे.

शब्दांनंतर येतो नकाशा. १ मे १९६० पूर्वी महाराष्ट्र नावाचे राज्य नव्हते. त्यामुळे त्याआधीचा सरकारी कागद 'महाराष्ट्र' या शब्दाखाली शोधणाऱ्याच्या पदरी निराशाच येणार. आसफ फैजी यांच्या अध्यक्षतेखालील ग्रंथालय विकास समिती १९३९ मध्ये नेमली ती मुंबई सरकारने, म्हणून तिचा अहवाल 'बॉम्बे' या नावाखाली येतो. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली स्वतःचा ग्रंथालय कायदा केला. तो मुंबई सरकारच्या दप्तरात नव्हे, संस्थानी दप्तरात शोधावा लागतो. मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, त्या राज्याचा ग्रंथालय कायदा १९५५ चा, आणि तिथल्या जुन्या कारभाराची कागदपत्रे उर्दूत. विदर्भ मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता. गोव्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचा उगम १८३२ सालचा, आणि त्याचा जुना कागद पोर्तुगीजमध्ये. म्हणजे 'मराठी मुलखातील ग्रंथालये' हा विषय एका वाक्यात मावत असला तरी त्याची साधने निदान पाच राजवटींच्या दप्तरांत वाटली गेली आहेत. 'हे साधन कोणी, कोणत्या अधिकाराने आणि कोणत्या कारणासाठी निर्माण केले असेल?' हा प्रश्न विद्यार्थ्याने शोधशब्द टाकण्याआधी स्वतःला विचारला, तर तो कुठे पाहायचे हे बऱ्याच अंशी आधीच ठरवू शकतो. यंत्राला त्याने दिलेला शब्द तेवढा मिळतो. त्या शब्दामागचे राज्य कधी बदलले, हे त्याला स्वतःलाच माहीत असावे लागते.

बडोद्याचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. सयाजीराव गायकवाड यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला १९१० साली बडोद्यात आणले. पुढच्याच वर्षी तिथे ग्रंथपालांचे प्रशिक्षण सुरू झाले. १९१२ पासून 'लायब्ररी मिसलेनी' हे ग्रंथालयांना वाहिलेले त्रैमासिक निघू लागले आणि त्यात इंग्रजी व गुजरातीबरोबर मराठी विभागही होता. ग्रंथालय व्यवहारावर मराठीतून लिहिण्याची ही फार जुनी आणि महत्त्वाची नोंद आहे. त्या चळवळीचा इतिहास जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी १९१९ साली लिहिला तो इंग्रजीत, 'बडोदा लायब्ररी मूव्हमेंट' या नावाने. आता मराठी ग्रंथालयशास्त्रीय लेखनाचा इतिहास शोधणाऱ्याने 'महाराष्ट्र' आणि 'मराठी' एवढेच शब्द धरले, तर गुजरातेतील एका संस्थानातून, इंग्रजी नावाने निघालेल्या त्रैमासिकाच्या तिसऱ्या भागात दडलेले हे मराठी लेखन त्याला कसे दिसावे? तालिकेत नियतकालिकाची नोंद एक, तीही इंग्रजी नावाची. आतल्या मराठी लेखांची स्वतंत्र नोंद कोणी केली तरच ते लेख शोधणाऱ्याच्या वाटेवर येतील. साधन अस्तित्वात आहे, कदाचित कपाटात सुस्थितीतही आहे, आणि तरी ते नसल्यासारखे आहे. असणे आणि सापडणे यांच्यामधला पूल म्हणजे सूची.

असा पूल मराठीत एका माणसाने किती मोठा बांधला, हे प्रत्येक विद्यार्थ्याने प्रत्यक्ष पाहावे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची विषयवार सूची १९४३ साली प्रसिद्ध केली. १९३८ ते १९५० या काळाचा दुसरा खंड १९६१ मध्ये आला. नियतकालिकांसाठी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संशोधन मंडळाने १८०० ते १९५० या दीडशे वर्षांची सूची केली. या दोन कामांशिवाय एकोणिसाव्या शतकातील मराठी लेखनावर गंभीर संशोधन होऊ शकत नाही. १९५८ पासूनचे ग्रंथ शोधायला 'इंडियन नॅशनल बिब्लिऑग्राफी' आहे. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे जमा होणाऱ्या पुस्तकांवर ती आधारलेली आहे. या कायद्याने ज्या ठरावीक ग्रंथालयांकडे पुस्तके जमा होतात, त्यांपैकी मुंबईचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालयही एक. पण तिच्यातील मराठी पुस्तकांच्या नोंदी रोमन लिपीत आहेत. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने साठच्या दशकापासून भारतीय भाषांतील पुस्तके मोठ्या प्रमाणावर जमवली, त्यांच्या नोंदीही रोमनच. या रोमन नोंदींची रीत आपल्या सवयीच्या स्पेलिंगहून वेगळी असते. दात्यांचे 'शंकर' हे नाव आपण रोमनमध्ये 'र'वर संपवतो, तिथे शेवटच्या 'र'मधला अकारही लिहिला जातो, अनुस्वाराच्या जागी अनुनासिक येते आणि 'श'वर चिन्ह चढते. एवढी रीत शिकायला एक दुपार पुरते. ती न शिकल्यास परदेशातल्या ग्रंथालयांत सांभाळून ठेवलेली मराठी पुस्तके आपल्याच नजरेआड राहतात.

यावर पहिला आक्षेप आजच्या काळाचा आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता एका प्रश्नात सगळे जमवून देत असताना सूच्या, जुने शुद्धलेखन आणि संस्थानांचे नकाशे कशाला घोकायचे? या साधनांचा उपयोग नाकारण्याचे कारण नाही. परक्या विषयाची तोंडओळख, इंग्रजी प्रतिशब्द, लांब लेखाचा सारांश यांसाठी ती कामाची आहेत. पण भाषेचे हे यंत्र जे संभाव्य दिसते ते लिहिते, आणि ग्रंथसूचीतील नोंद ही संभाव्य असून चालत नाही, ती असावी लागते. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात दोन वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निवाडे आपल्या अर्जात उद्धृत केले. ते निवाडे कधी झालेलेच नव्हते, आणि न्यायालयाने पाच हजार डॉलरचा दंड केला. पक्षकारांची नावे होती, तारखा होत्या, सगळे खऱ्यासारखे होते. लघुप्रबंधाच्या संदर्भसूचीतही असे लेख शिरू शकतात. लेखकाचे नाव खरे, नियतकालिक खरे, आणि त्या अंकात तो लेखच नाही. शिवाय हे यंत्र शिकले ते संगणकावर वाचता येणाऱ्या मजकुरावर. युनिकोडमध्ये नसलेले प्रबंध, छायाप्रत न झालेले वार्षिक अहवाल, 'लायब्ररी मिसलेनी'चा मराठी विभाग यांविषयी ते आत्मविश्वासाने बोलले तरी त्या बोलण्याला आधार कुठला? मराठी साधनांपुरते पाहिले, तर नव्या यंत्राने सूचीची गरज कमी केलेली नाही. सूची झाली, ती संगणकावर आली, तरच यंत्रालाही काही सांगता येईल.

दुसरा आक्षेप पैशाचा. चांगली नियतकालिके महाग आहेत आणि तालुक्याच्या गावातून शिकणाऱ्याला ती कशी परवडणार? हा आक्षेप खरा होता आणि काहींसाठी अजूनही खरा आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक सरकारी उच्चशिक्षण व संशोधन संस्था, असा तिचा आवाका आहे. या संस्थांतील विद्यार्थ्याला आता मुंबई-पुण्यातल्या मोठ्या विद्यापीठाइतकेच दार उघडे आहे. ते आपल्याला उघडे आहे का, एवढे ग्रंथपालाला विचारायचे. पण खासगी विनाअनुदानित महाविद्यालये या टप्प्यात बाहेर आहेत, आणि तिथे शिकणाऱ्यांची कुचंबणा योजनेच्या आकड्यांनी झाकू नये. त्यांच्यासाठी खुली भांडारे आहेत, लेखकाने स्वतः ठेवलेल्या प्रती आहेत, आणि लेखकाला नम्र पत्र लिहून लेख मागण्याची जुनी रीत आहे, तिला उत्तर येते. मात्र एक गोष्ट पैशाने सुटत नाही. सहा हजार कोटींच्या या योजनेत एखाद्या जिल्ह्यातील वाचनालयाचा १९२० सालचा वार्षिक अहवाल नाही. तो वाचायला पैसे लागत नाहीत. तो कुठे आहे हे ठाऊक असावे लागते.

तिसरा प्रश्न विश्वासाचा. सापडलेले सगळेच वापरण्याजोगे नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतील, विद्यापीठांनी सुचवलेल्या १,००९ नियतकालिकांची तपासणी करणारा अभ्यास २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आला. त्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके निकषांवर उतरली नाहीत. कुणाचा पत्ता खोटा, कुणाचे दावे खोटे. त्या अभ्यासकांत पुणे विद्यापीठाच्या ग्रंथालयशास्त्र विभागाच्या प्राध्यापिकाही होत्या, ही या विद्यार्थ्यांनी अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. त्यानंतर आलेली 'केअर' यादीही आयोगाने २०२५ मध्ये थांबवली. म्हणजे 'यादीत आहे ना, मग चांगलेच' म्हणण्याची सोय आता उरली नाही. संपादक मंडळ खरे आहे का, जुने अंक उघडतात का, लेखाचे परीक्षण कसे होते, आधी पैसे मागितले जातात का, हे स्वतः पाहावे लागते. साधनाची पारख हे ग्रंथपालाचे मूळ काम आहे. यादी गेल्याने ते त्याच्याकडे परत आले आहे.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याचा आक्षेप याहून जिव्हाळ्याचा आहे. सारी साधने इंग्रजीत, शोधशब्द इंग्रजीत, मग आम्ही कसे पोहोचणार? या अडचणीला सहानुभूतीपेक्षा साधन द्यायला हवे. भाषा संचालनालयाचा ग्रंथालयशास्त्र परिभाषा कोश जवळ घ्यावा आणि आपल्या विषयापुरती दोन रकान्यांची शब्दपट्टी करावी. डावीकडे आपल्याला सुचणारे सगळे मराठी शब्द, जुने धरून. उजवीकडे इंग्रजी शास्त्रातले प्रमाण शब्द आणि त्यांचे पर्याय. फिरते ग्रंथालय, फिरत्या पेट्या, ग्रंथयान हे एका रांगेत आले की त्यांचे इंग्रजी सोबतीही एका रांगेत बसतात. अशा तीस-चाळीस ओळींत विषयाचा आराखडाच उभा राहतो. शिवाय दोन भाषा येणे ही या कामात उणीव नाहीच. इंग्रजीपुरते शोधणाऱ्याला वाचनालयांचे मराठी इतिवृत्त कधी वाचता येणार नाही. ज्याला दोन्ही बाजूंचे शब्द ठाऊक आहेत, त्याच्यासाठी दोन्ही बाजूंची कपाटे उघडी आहेत.

उरतो वेळेचा आक्षेप. अभ्यासक्रम एका वर्षाचा, लघुप्रबंधाला हाती महिने थोडे, मार्गदर्शकांकडे विद्यार्थी अनेक. अशा वेळी प्रश्नावली वाटून, टक्केवारी काढून 'अमुक महाविद्यालयातील ई-साधनांचा वापर' हा विषय पुरा करणे सोपे पडते. अशा पाहण्या निरुपयोगी असतात असे नाही. पण एकाच साच्यातल्या पाहण्या गावाचे नाव बदलून पुन्हा पुन्हा होतात, कारण आधी काय झाले आहे याचा शोधच कोणी घेतलेला नसतो. म्हणजे वाचवलेला वेळ तिथेच वाया गेला. शोधाला शिस्त लावली तर तो उलट आवाक्यात येतो. त्यासाठी एक वही पुरे. तारीख, कुठे शोधले, कोणते शब्द कोणत्या क्रमाने टाकले, किती निकाल आले, किती उघडले, काय ठेवले, काय सोडले आणि का. झोटेरोसारखे विनामूल्य साधन नोंदी जपून ठेवते, पण 'का सोडले' हे माणसालाच लिहावे लागते. अशी वही असली की तोच शोध चार वेळा होत नाही, मार्गदर्शकाला दहा मिनिटांत चूक दाखवता येते, आणि 'या विषयावर काहीही उपलब्ध नाही' या प्रबंधातल्या ठोकळेबाज वाक्याच्या जागी 'या सात ठिकाणी, या शब्दांनी, या तारखेपर्यंत शोधले' असे तपासता येण्याजोगे विधान येते.

या वहीतूनच मागे ठेवायची सूची तयार होते. ती दात्यांसारखी दीडशे वर्षांची असायची गरज नाही. गावातल्या एका जुन्या वाचनालयाचे उपलब्ध वार्षिक अहवाल, एका बंद पडलेल्या मासिकातील ग्रंथालयविषयक लेख, एका संस्थानाच्या दप्तरातील ग्रंथालयांचे ठराव, एवढीच मर्यादा घालून घ्यावी. प्रत्येक नोंदीत शीर्षक मुळात छापले तसे, आजच्या शुद्धलेखनात आणि रोमन लिपीतही द्यावे. कर्ता, वर्ष, पृष्ठे लिहावीत. आणि सर्वांत महत्त्वाचे, ती प्रत आज कोणत्या संस्थेत, कोणत्या कपाटात, कोणत्या दाखल क्रमांकाखाली आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे, हे लिहावे. सगळे युनिकोडमध्ये. विद्यापीठांनी प्रत्येक लघुप्रबंधाला अशी पन्नास-शंभर नोंदींची सूची जोडणे आवश्यक केले आणि त्या सूच्या एका खुल्या ठिकाणी ठेवल्या, तर दहा वर्षांत मराठी मुलखातील ग्रंथालयांच्या साधनांचे असे भांडार तयार होईल, जे आज कुठल्याही किमतीला विकत मिळत नाही. वाचकाचा वेळ वाचवा, हे रंगनाथन यांच्या पाच सूत्रांपैकी चौथे. हे सूत्र देवघेवीच्या टेबलापुरते नाही. 'सार्वजनिक ग्रंथालय' हे दोन शब्द टाकून बसलेली ती विद्यार्थिनी आपला लघुप्रबंध पुरा करील, गुण मिळवील, नोकरीला लागेल. तिच्या पाठोपाठ त्याच विषयाकडे येणाऱ्या मुलाला वाचन मंदिर, वाचनालय, नेटिव्ह लायब्ररी आणि ग्रंथसंग्रहालय या चारही नावांखालची पाने एका नोंदीत दिसली, तर त्याचे चार महिने वाचतील आणि ते चार महिने तो तिच्या पुढे जाण्यासाठी वापरील.